विसण

पहिली चूक ही झाली, की मी पाणी तिच्यादेखत काढलं.

अकरा वर्षं बँकेच्या वसुली खात्यात काढलेल्या माणसाच्या हातून हे व्हावं, यासारखी नामुष्की नाही. थकबाकीदाराकडे जाताना आगाऊ वर्दी द्यायची नाही, जेवणाच्या वेळेला जायचं आणि मागच्या दाराशी एक माणूस उभा करून मगच पुढची कडी वाजवायची, ही त्रिसूत्री मी कितीतरी नवशिक्या पोरांना शिकवली आहे. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा काय केलं? तिच्यासमोर गीझर लावला. तिच्यासमोर बादली भरली. तिच्यासमोर शर्ट काढून बनियनवर आलो आणि वर, घरात दुसऱ्या कोणाशीही ज्या आवाजात बोलत नाही त्या आवाजात, "चला बकुळाबाई, आज आपला काय बेत आहे?" असं विचारलं.

बकुळाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं आणि उठून दिवाणाखाली निघून गेल्या. पळाल्यासुद्धा नाहीत. चालत गेल्या. पूर्वी असल्या प्रसंगी ती एका झेपेत फ्रिजवर आणि तिथून कपाटाच्या माथ्यावर असायची. मग मी स्टूल, बायको दुधाची वाटी आणि आई उपदेश घेऊन खाली उभे राहायचो. आता नुसती चालत. मला तो अपमान वाटला. निवृत्त झाल्यापासून घरात मला कोणी मोजत नव्हतंच, आता हिनेही मस्टरवरून नाव काढलं.

हे सगळं वासापायी. बकुळीचं फूल सुकलं तरी वास सोडत नाही, म्हणून पंधरा वर्षांपूर्वी भर पावसात पार्किंगमधल्या स्कूटरखाली सापडलेल्या पिल्लाला बायकोने मोठ्या कौतुकाने हे नाव ठेवलं. नाव इतकं शब्दशः खरं होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं. दिवाळीपासून तिच्या कमरेवर, शेपटीच्या अलीकडे, केसांच्या गुठळ्या झाल्या होत्या आणि तिथून ओलं पोतं कोपऱ्यात राहिल्यासारखा वास यायचा. मुलीच्या सासरची मंडळी आली तेव्हा व्याही सोफ्यावर बसले, त्यांनी एकदा नाक वर केलं आणि मग अत्यंत सभ्यपणे स्वतःच्याच मोज्यांकडे पाहिलं.

"आळशी झालीय," मी खुलासा केला. "अंग चाटायचाही कंटाळा. म्हातारपणी होतं असं."

सकाळचे पावणेबारा वाजले होते आणि माझी स्वतःची अंघोळ व्हायची होती. माझी आई ८६ वर्षांची आहे. तिने खुर्चीतून माझ्याकडे जे पाहिलं, त्याचा अर्थ मी त्या वेळी लावला नाही.

घरी येऊन मांजराला अंघोळ घालणारी पोरं आता ठाण्यात मिळतात. बायकोने नंबरही काढून ठेवला होता. पण प्राण्यांना मी कळतो, असा माझा जुना समज आहे. वसुलीला जायचो तेव्हा दारातले कुत्रे माझ्यावर भुंकत नसत, हे मी आजवर निदान चाळीस लग्नांत आणि दहाबारा मुंजींत सांगितलेलं आहे. बायको एवढ्या वर्षांत त्यावर एकदाच बोलली. म्हणाली, "अहो, आता घरातून न्यायला काही उरलेलं नाही, हे त्यांनाही ठाऊक असणार." तर असा मी. मांजराच्या अंघोळीला माणूस लावणं माझ्या स्वाभिमानात बसणारं नव्हतं. "तिला माझा हात ओळखीचा आहे," मी म्हणालो. हाताची ही ओळख नंतर मनगटापासून कोपरापर्यंत पटली, पण ते पुढे.

आठवडाभर मी अभ्यास केला. वाघाच्या या मावशीला पाण्याचं एवढं वावडं का, इथपासून. भाचा तर सुंदरबनात खाडीच्या खाडी पोहून जातो. तिथलीच एक चुलत बहीण, मासेमार मांजर, पाण्यात बुडी मारून पोट भरते, आणि पश्चिम बंगालने तिला राज्यप्राणी केलंय. तुर्कस्तानात वान नावाच्या सरोवराकाठची मांजरं हौसेने पोहतात म्हणे. आणि आमच्या नौपाड्यात बादलीचा नुसता आवाज सोसत नाही. कारण असं सापडलं, की घरच्या मांजराचा अंगरखा पाणी झटकणारा नसतो, पिणारा असतो. भिजला की जड होतो, अंगातली ऊब जाते, आणि तिची ऊब आपल्यापेक्षा वरची, १०१-१०२ फॅरनहाइट तिला रोजचंच. म्हणजे आपण तापाची गोळी शोधतो तिथे ती आरामात झोपलेली असते.

मग साबण. दिवाळीतला अर्धा मोती साबण कपाटात होता. मांजराला चंदनाचा वास येतोय आणि व्याही सोफ्यावर प्रसन्न बसलेत, असं चित्रही डोळ्यांसमोर तरळून गेलं. पण तोही चालत नाही. माणसाच्या कातडीचा आम्लपणा वेगळा, मांजराचा वेगळा. पाण्यात जंतुनाशकाचं टोपण ओतायचा माझा दुसरा विचार तर जिवावरच बेतला असता. त्यातली फिनॉलच्या जातीची द्रव्यं मांजराच्या यकृताला पचवून बाहेर टाकता येत नाहीत, आणि मांजराच्या अंगाला लावलेलं सगळं शेवटी जिभेवाटे पोटात जातं. अखेर मांजराचा खास शाम्पू आणला. चारशे रुपये. मी स्वतः एक रुपयाची पुडी दोनदा पुरवतो.

आईने बाटली हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "तिला काही झालं तर सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतं, ठाऊक आहे ना?" मी हो म्हणालो. "मग आधी आजचा भाव बघ पेपरात," ती म्हणाली. "आणि नीट विचार कर, केवढं मोठं मांजर आहे ते."

आता घंगाळ. बादलीत मांजर बसत नाही, प्लॅस्टिकचा टब बायकोने धुण्यासाठी अडवलेला, आणि गॅलरीत आमच्या वाईच्या घरातलं तांब्याचं घंगाळ होतं. दोन कड्यांचं, एका अंगाला पोचा आलेलं, सध्या त्यात जुनी वर्तमानपत्रं होती. मी ती काढली, चिंच लावून घंगाळ घासलं, ते लखलखलं, आणि तिथेच माझं डोकं फिरलं. कारण या घंगाळापाशी मी नेहमी वाहवतो. आत्ताही वाहवणार आहे. ज्यांना फक्त मांजराचं काय झालं ते वाचायचंय, त्यांनी पुढचे दोनतीन परिच्छेद गाळले तरी चालतील. बायको गाळतेच.

वाईला नरकचतुर्दशीला पहाटे चारला उठवायचे. उठवायचे म्हणजे बखोट धरून अंथरुणातून वेगळं करायचे. परसात बंब धडधडत असायचा. त्यात रात्रीच बंबफोड आणि गोवऱ्या रचून ठेवलेल्या असायच्या, आणि त्या धुराचा वास पुढे दिवसभर केसांना राहायचा. कृष्णेकडून येणारा वारा असा, की अंगातलं बनियन काढायला सांगितलं की आम्ही चुलत-आते मिळून अकरा पोरं भिंतीला पाठ लावून एका रांगेत उभी. वयाप्रमाणे नंबर. पहिला माझा, कारण मी थोरला. मान म्हणून सांगायचे. मान कसला, पाण्याचा अंदाज माझ्यावर घ्यायचे. आजी तांब्याभर पाणी माझ्या पाठीवर ओतायची, मी किती उंच उडतो ते बघायची आणि त्या मानाने विसण घालायची. माझ्यानंतरच्या दहा जणांना पाणी बेताचं मिळालं, त्यात माझ्या पाठीचा वाटा आहे. पण खानदानात हे कोणी बोलून दाखवत नाही.

विसण हा शब्द आता गेलाच. माझ्या मुलीला सांगितला तर तिला ते आडनाव वाटलं. कढत पाण्यात सोसेल इतपत गार पाणी घालायचं, ते विसण. आता नळ डावीकडे फिरवला की झालं, त्याला शब्द लागत नाही. पण आजीचं ते एक शास्त्र होतं. घंगाळात आधी कढत पाणी, मग गार, मग हात बुडवून गोल फिरवायचा, मग पुन्हा एक धार, आणि एवढं सगळं करून शेवटी अंदाज माझ्या पाठीवरच. त्याआधी पाटावर बसवून तेल. तेल लावणं म्हणजे हात फिरवणं नव्हे. आजी कुस्तीगीर तयार करायला घेतल्यासारखी रगडायची. मग उटणं. त्यातली कचोऱ्याची आणि नागरमोथ्याची कणी आजही टोचल्यासारखी आठवते. मग टाचांना वज्री. मग शिकेकाई. शिकेकाईच्या शोधकर्त्याला डोळे नसावेत, असं माझं लहानपणापासूनचं मत आहे. डोळ्यांत गेली म्हणून ओरडलं, की आजी म्हणायची, "जाऊ दे थोडी, दृष्टी स्वच्छ होते." मधेच धाकटा आतेभाऊ लांबून फुलबाजी पेटवून ओवाळायचा आणि तिची ठिणगी नेमकी ओल्या पायावर. मग अंगणात तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, त्यातलं बी कपाळाला लावायचं आणि रस जिभेला. तो कडवटपणा पहिल्या चकलीपर्यंत पुरायचा. सूर्य उगवायच्या आत ज्याची अंघोळ झाली नाही तो नरकात जातो असं सांगायचे. मला तेव्हाही शंका होती, की जो उगवायच्या आत करतो तो थोडा आधी जाऊन येतो, एवढाच फरक.

एका वर्षी मी पळालो. सात वर्षांचा असेन. माळ्यावर भाताच्या कणगीमागे जाऊन बसलो. घरच्यांनी शोधलं, हाका मारल्या, लाडूचं आमिष दाखवलं. मी हूं नाही की चूं नाही. शेवटी आजी स्वतः शिडी चढून वर आली, मला ओढून खाली आणलं, आणि मी तिच्या हाताला चावलो. खरंच चावलो, रक्त आलं. आजी काही बोलली नाही. पदर ओला करून तिने हात पुसला, मला पाटावर बसवलं आणि त्या वर्षी, फक्त त्या वर्षी, विसण माझ्या पाठीवर न बघता स्वतःच्या मनगटावर पाहिलं. नंतर आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि केस कोरडे होईपर्यंत हलवत बसली. ते लुगडं इतकं विरलेलं होतं की त्याच्यातून दिवा दिसायचा. एवढं मऊ काही मी पुढच्या आयुष्यात पाहिलेलं नाही. आजीच्या हाताला माझ्या दातांची खूण राहिली. लग्नात माझ्या बायकोला तिने ती दाखवली होती.

असो. तर मांजर.

दिवाणाखालून ती चादरीत धरून आणली तेव्हा तिने फारसा विरोध केला नाही. मी बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मागच्या दाराशी माणूस उभा करायचा, या सूत्रानुसार तिला न्हाणीघराचं दार धरायला लावलं होतं. कोणत्याही मोहिमेत सामान्य सैनिकाचा वाटा असतोच. मी घंगाळात कोमट पाणी घेतलं होतं, वीतभर. शास्त्राप्रमाणे मनगटावर पाहिलं होतं. चादर उलगडली आणि बकुळेला अलगद आत ठेवलं.

तांब्यावर मांजराची नखं घसरल्यावर जो आवाज होतो, तो ज्यांनी ऐकला नसेल त्यांनी फळ्यावर खडूचं टोक ओढावं आणि त्याला चाराने गुणावं. घंगाळाचा तळ गोल, त्यात ओला, त्यात मी चिंचेने गुळगुळीत केलेला. तिचे चारही पाय चार दिशांना गेले. त्यानंतर काय झालं ते क्रमाने सांगता येणार नाही. ती माझ्या हातावरून खांद्यावर आली, खांद्यावरून डोक्यावर, तिथून तिने शॉवरच्या दांडीला हात घातला, ती चुकली, आणि येताना माझ्या पाठीवरून उतरली. घंगाळ कलंडलं. मी तोल सावरायला ज्याला धरलं तो शॉवरचा नळ होता. चारशे रुपयांची बाटली उघडी होती ती माझ्या मांडीवर रिकामी होत राहिली. वर तोटीतून आधी गार पाणी आलं आणि मग कढत. मध्ये विसण घालायला कोणी नव्हतं.

त्या दिवशी सकाळी नऊच्या आत अंघोळ झालेला घरातला एकमेव प्राणी मी होतो. शाम्पूसकट.

"काय झालं हो?" बायकोने दारापलीकडून विचारलं.

"काही नाही," मी दबक्या आवाजात म्हणालो. खाली सेक्रेटरींचा फ्लॅट आहे. आपलीच मोरी नि अंघोळीची चोरी, ही म्हण मी त्या दिवशी जगलो.

दार जरा किलकिलं झालं आणि फटीतून आधी वॉकरचा पाय आणि मग आई दिसली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. कोपऱ्यात, बादलीमागे, बकुळा पोटाशी पाय घेऊन बसली होती. "पाण्याला भ्यायली नाहीये ती," आई म्हणाली, "पायाखाली घसरतंय तिला." आणि हातातला कापडाचा तुकडा माझ्यापुढे धरला. "हे घाल खाली. आणि नळ बंद कर, आवाज नको. तांब्याने घाल. थोडं थोडं." मी कापड घेतलं. विटका जांभळा रंग, विरलेलं. आई एवढी वर्षं ते कुठे ठेवून होती कोण जाणे.

कापड तळाशी दुमडून घातलं, त्यावर ती उभी राहिली. नखं कापडात रुतवून उभी राहिली, आणि मग हलली नाही. मी तांब्याने पाठीमागच्या बाजूने पाणी सोडायला लागलो. डोक्यावर नाही, कानात नाही, हे वाचलेलं होतं. माझ्या मांडीवरचाच थोडा फेस घेऊन तिच्या कमरेला लावला.

भिजलेलं मांजर हा शब्द मी नोकरीत पुष्कळ वापरला. साहेबांच्या केबिनमधून बाहेर येणाऱ्या माणसाला म्हणायचो. समोर प्रत्यक्ष भिजलेलं मांजर प्रथमच होतं. केस अंगाला चिकटले आणि पंधरा वर्षं जी बकुळा म्हणून सोफाभर पसरायची, ती मुठीएवढी उरली. डोकं तेवढं मोठं राहिलं, त्यात डोळे. बोटं कमरेवर फिरवली तर मणके एकेक करून मोजता आले, जपमाळेसारखे. एका ठिकाणी बोट जरा दाबलं गेलं, तशी ती थरथरली. ओरडली नाही, नख काढलं नाही. नुसती वळून तिने माझा हात तोंडात धरला. दात टेकवले आणि धरून ठेवले. चावली नाही.

चार महिने मी हिला आळशी म्हणत होतो. व्याह्यांसमोर, कामवालीसमोर, फोनवर मुलीजवळ. एकदा तर सोफ्यावर चढता येईना म्हणून ती खालीच बसून राहिली, तेव्हा "बाईसाहेबांना उचलून ठेवायला माणूस लागतो आता" असं म्हणून हसलोही होतो. प्राण्यांना मी कळतो. प्राणी मला किती कळतात, हे चाळीस लग्नांत कोणी विचारलं नाही, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

तो फेस मी सात तांबे घालून धुतला. त्यांतला शेवटचा जरा गार झाला होता म्हणून थांबलो आणि पुन्हा थोडं कढत मिसळून घेतलं. बाहेर आई म्हणाली, "पंखा बंद करा गं."

त्यानंतरचे दोन डॉक्टर थोडक्यात. पहिला माझा. त्याने माझे हात आणि पाठ पाहिली आणि विचारलं, "कुत्रा?" म्हटलं, मांजर. "रस्त्यावरचं?" म्हटलं, घरचं, सगळ्या लसी झालेलं. "मग अचानक का हल्ला केला?" आता खरं सांगणं भाग होतं. त्याने धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि कागदावर कारण म्हणून काहीतरी लिहिलं. ते मी वाचायचा प्रयत्न केला नाही.

दुसऱ्या डॉक्टर बकुळेच्या. त्या बाईंनी तिला टेबलावर उभं करून कमरेवरून, मांड्यांवरून हात फिरवला, फोटो काढायला लावला आणि तो उजेडासमोर धरून दाखवला. मणक्यांच्या आणि खुब्याच्या सांध्यांशी जी पांढरी खरबड दिसत होती, तिथे माझं बोट लागलं होतं. "आळशी नाही झालेली," त्या म्हणाल्या. मी काहीच म्हटलं नव्हतं, पण हे वाक्य त्या रोज कोणाला तरी म्हणत असाव्यात. "मागे वळलं की दुखतं. जीभ तिथवर पोचत नाही. म्हणून तो भाग तसा राहतो." उडी का मारत नाही, हेही आपोआप कळलं. औषध दिलं. आणि पुन्हा अंघोळ घालू नका म्हणाल्या. ओल्या, खरखरीत फडक्याने रोज तेवढा भाग पुसा, म्हणाल्या. जिभेसारखा.

जिभेसारखा म्हणजे कसा, हे मला बघावं लागलं. मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले काही शे काटे असतात, आपल्या नखांचं जे द्रव्य तेच त्यांचं. २०१८ साली अमेरिकेत अटलांटाच्या संशोधकांनी हे काटे बारकाईने पाहिले, तेव्हा त्यांचं टोक पळीसारखं पोकळ निघालं. पळी तोंडातली लाळ उचलते आणि केसांच्या मुळाशी, थेट कातडीवर नेऊन सोडते. वाघ-सिंहाच्या जिभेतही हीच व्यवस्था. म्हणजे मांजर अंग चाटतं तेव्हा ते पळीपळीने स्वतःला अंघोळ घालत असतं, आणि कढत-गार बघायची गरज नाही, पाणी अंगच्याच उबेचं. मी चारशे रुपयांचा शाम्पू, चिंच, घंगाळ, दार धरायला एक माणूस एवढी सिद्धता करून जे केलं, ते ती एरवी दिवसातून दहा वेळा बसल्या जागी करत होती.

अर्थात हे मी सोसायटीत सांगितलं नाही. सोसायटीत मी, मांजराला घरी अंघोळ घालण्यात अवघड काही नसतं, फक्त पायाखाली कापड घालायचं असतं, असं सांगितलं. कापडाचा शोध मोघम ठेवला. हातांना पट्ट्या होत्या, त्यांच्याकडे लोक आदराने पाहत होते. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी लगेच विचारलं, "आमच्या पर्शियनला घालून द्याल का?" मी म्हटलं, जरूर, फक्त सध्या कंबर धरलीय. बायको शेजारीच होती. ती काही बोलली नाही, तिने फक्त जिना चढताना माझी पिशवी आपल्या हातात घेतली.

आता रोज रात्री नऊच्या बातम्यांना माझी नेमणूक असते. खरखरीत पंचाचा एक तुकडा, वाटीत कोमट पाणी. बकुळा मांडीवर पालथी. शेपटीच्या दिशेने, छोटे छोटे हात मारायचे, एका जागी तीनचारदा, मग पुढची जागा. पहिले दोन आठवडे ती सहन करायची. मग गुरगुरायला लागली, रागाने नव्हे, आतून, सावकाश, लांब जात्यावर दळण चालावं तशी. गुठळ्या एकेक करून सुटल्या. वासही गेला. व्याही गेल्या रविवारी येऊन गेले, त्यांनी मोज्यांकडे पाहिलं नाही.

परवा पुसता पुसता बातम्यांत काहीतरी आलं आणि माझा हात थांबला. बकुळेने मान वळवली, माझ्या मनगटाला नाक लावलं, आणि चाटायला लागली. जुन्या ओरखड्यांवरूनच. पळीपळीने. पॉलिश पेपर घासावा तशी ती जीभ लागते, जरा वेळाने झोंबायलाही लागतं. पण मी हात काढला नाही. ती मनगटावरून वर सरकली, कोपरापर्यंत आली, एका जागी तीनचारदा, मग पुढची जागा. माझे डोळे उगाचच भरून आले. मी आईकडे पाहिलं. म्हटलं, "बघितलंस? प्राण्यांना मी कळतो."

आईने टीव्हीवरची नजर काढली नाही.

"तिलाही वास येत असेल," ती म्हणाली.